जळगावच्या उन्हात माशांच्या टँकचा हूड

घरी हूड, म्हणजे टँकवरचं लाइटवालं झाकण, बनवणारे बहुतेक जण पंखा लावतात तो लाइट जळू नये म्हणून. मुंबईला ठीक असेल ते, आपल्याकडे जळगाव-भुसावळला खरी भानगड लाइटची नाहीच, पाण्याची आहे. मे महिन्यात बाहेर ४४-४५, खोलीत पंखा गरगरत असला तरी ३७-३८, आणि त्यात टँकवर घट्ट झाकण, मग पाणी ३३-३४ वर जाऊन बसतं आणि गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो ना त्यात, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम आणि ३५ ला ७ पेक्षाही थोडा कमी, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते.

लाइटचं आधी उरकून टाकू. जुन्या ट्यूबवाला हूड असेल तर चोक हूडच्या बाहेर काढा, बरीच गरमी तिथेच जाते. एलईडीची गरमी पुढून नाही, मागून निघते, म्हणून पट्टी थेट फोमशीटवर चिकटवू नका, स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात तसला एक घ्या, त्यावर पट्टी लावा आणि हूडच्या वरच्या बाजूला लांब खाच पाडून सेक्शनची पाठ बाहेर मोकळ्या हवेत राहील असा बसवा. खालून पारदर्शक ॲक्रेलिकची पट्टी, म्हणजे वाफ लाइटला लागत नाही. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट देणारी डबी, बाहेरच. आणि प्लायवूडच्या नादी लागू नका, फुगतं, कितीही रंग मारा.

आता पंखा. कॉम्प्युटरचा १२० एमएमचा, १२ व्होल्टचा घ्या, गोलाणी मार्केटला जुना पण मिळून जातो. ८० वाला स्वस्त पडतो पण तो जोरात फिरतो आणि रात्री घरचे शिव्या देतात. १२० वाला मी ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवतो, आवाज जवळपास नाहीच.

दिशा महत्त्वाची. खूप जण पंखा आतली हवा बाहेर फेकेल असा लावतात, मग टँकची सगळी ओल त्याच्या मोटरमधून जाते आणि बेअरिंग गंजून घरघर सुरू होते. उलटा लावा. बाहेरची कोरडी हवा आत, एका टोकाला, पाण्याकडे थोडा तिरका, पृष्ठभागावर बारीक लाटा दिसल्या पाहिजेत. दुसऱ्या टोकाला फटी, आणि त्या फटी सगळ्या मिळून पंख्याच्या भोकापेक्षा मोठ्या हव्यात नाहीतर हवा आतच कोंडते. फटींना आणि पंख्याला मच्छरदाणीची जाळी लावा, गप्पी उडी मारतो तेव्हा कुठे मारेल सांगता येत नाही.

हे चालतं कसं, तर घरच्या कूलरसारखंच. १ लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे हिशोबाने १०० लिटर पाणी जवळपास पावणेसहा डिग्री उतरावं इतकी. प्रत्यक्षात खोली ती गरमी परत देत राहते म्हणून फरक ३-४ डिग्रीचाच दिसतो, पण तेवढ्यात मासे वाचतात. आणि आपली मे महिन्याची हवा इतकी सुकी असते की हा जुगाड कोकणापेक्षा इथे कितीतरी जास्त चालतो, उन्हाळ्याचा आपल्याला झालेला एकमेव फायदा म्हणा. शेजारचे काका हूड बघून म्हणाले, "मासायले बी कूलर लावला का रे भो?" म्हटलं हो काका, तेच आहे.

अर्थात पाणी रोज कमी होणार. भर टाकताना बोअरचं टाकू नका, वाफ झाली तरी क्षार मागेच राहतात आणि आपलं बोअर आधीच जड, महिन्याभरात काचेवर पांढरा थर येतो. आरओचं टाका.

लाइट गेली की पंखा बंद आणि नेमकी दुपारीच जाते. राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे बिनधास्त चालतो, पंखा दोन-तीन वॅटचाच तर असतो, फक्त मग ९ ऐवजी १२ वर जोरात फिरेल. एसटीसी-१००० सारखा थर्मोस्टॅट मिळाला तर कूलिंगवर २७ ला सेट करा, फरक १ डिग्री ठेवा, पंखा आपोआप चालू-बंद होतो. सेन्सर पंख्याखाली नको, लांबच्या कोपऱ्यात पाण्यात सोडा.

जुलैत हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग बराच कमी, पण तेव्हा खोलीच थंड झालेली असते. डिसेंबरात उलटी गंमत, आपल्याकडे रात्री पारा १० च्याही खाली जातो, तेव्हा त्याच फटींमधून गरमी निघून जाते आणि हीटर रात्रभर चालत राहतो, म्हणून फटींवर सरकणारी एक पट्टी आधीच बसवून ठेवा.