बिलात न दिसणारा डिस्काउंट
फ्रीलान्स काम करणाऱ्या लोकांशी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. डिस्काउंट किती द्यायचा यावर सगळे भरभरून बोलतात, पण बिलिंगचं विचारलं की "त्यात काय, काम झालं की बिल पाठवतो" एवढ्यात विषय संपतो. मला मात्र हे दोन्ही एकच वाटतं. कोटेशनमध्ये 10 टक्के कमी केले तर ते आपल्याला दिसतात, पण दोन राउंडच्या ऐवजी पाच राउंड चेंजेस करून दिले, बिलाचे पैसे तीन महिने उशिरा मिळाले, फोनवर गेलेले तास कुठे लिहिलेच नाहीत, तर हे सगळंसुद्धा डिस्काउंटच आहे ना? फक्त ते आपण ठरवून दिलेलं नाही आणि क्लायंटलाही आपल्याला काही जास्तीचं मिळालंय हे माहीत नाही. मी डिझाइनचं काम करते पण लिखाण, भाषांतर, कोडिंग, अकाउंटिंग, कुठल्याही सर्व्हिसला हे असंच लागू होतं.

आधी दराचं बघू, कारण दर कशावर काढलाय हे माहीत नसेल तर सूट कशातून देतोय तेच कळत नाही. बरेच जण वर्षाला जितके पैसे हवेत त्याला 2080 ने भागतात, म्हणजे 52 आठवडे गुणिले 40 तास. पण हे नोकरीचं गणित झालं, आणि नोकरीत सुट्टीचेही पैसे मिळतात! आपल्याकडे सुट्ट्या, आजारपण, दोन कामांमधला रिकामा वेळ धरून 46 आठवडे पकडले तर 1840 तास होतात, आणि त्यातले बिल करता येणारे तास फार तर 60 टक्के, कारण बाकीचा वेळ कोटेशन, मेल, हिशोब, नवीन काम शोधणं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं यात जातो. म्हणजे राहिले साधारण 1100. जो 2080 ने भागतो त्याचा दर मुळातच जवळपास निम्मा लागतो, आणि त्यावर तो पुन्हा सूट देतो.

आता सूट. समजा 100 चं काम आहे आणि त्यातले 30 खर्चात जातात, सॉफ्टवेअर, इंटरनेट, मशीन वगैरे, हातात 70 राहतात. 20 टक्के सूट दिली तर बिल 80 चं झालं, पण खर्च 30 च आहे, म्हणजे हातात 50. जे 10 कामांत मिळत होतं त्यासाठी आता 14 कामं करावी लागणार. दुकानदाराला जास्त माल खपला तर सूट परवडते कारण त्याला माल स्वस्त पडतो, आपल्याला आपला तास स्वस्तात कुठून मिळणार? म्हणूनच "दहा कामं देतो, रेट कमी करा" हे मला सरसकट मान्य नाही. दहा कामं एकाच साच्यातली असतील, पहिल्यात केलेली मांडणी पुढच्या नऊमध्ये वापरता येणार असेल, तर वेळ खरंच वाचतो आणि तो वाचलेला वेळ क्लायंटबरोबर वाटून घेण्यात मला आनंदच आहे. पण दहावी गोष्ट पहिलीइतकाच वेळ खाणार असेल तर कसली सूट?

आणि खाली आलेला दर वर नेणं किती अवघड असतं बघा. 20 टक्के कमी केलेला दर मूळ जागेवर आणायचा तर 25 टक्के वाढ मागावी लागते. आपल्या मनात ती सूट संपलेली असते, समोरच्याला मात्र सरळ 25 टक्के दरवाढ ऐकू येते आणि त्याचं तसं ऐकणं चुकीचं पण नाही, कारण त्याने मूळ दर कागदावर कधी बघितलेलाच नसतो. त्यामुळे माझा सगळ्यात पक्का नियम हा, की बिलात आधी पूर्ण दर, त्याखाली वेगळ्या ओळीत सूट, कशाबद्दल आणि कुठल्या तारखेपर्यंत ते, आणि मग एकूण रक्कम. एखाद्या चांगल्या कामासाठी फुकट काही करून दिलं तरी मी बिल बनवते, पूर्ण रकमेचं, खाली 100 टक्के सूट लिहून. त्या माणसाला कळतं की त्याला काय मिळालं, आणि उद्या त्याने कुणाला माझं नाव सुचवलं तर "ती फुकट करते" असं न सांगता खरा दर सांगतो.

सूट द्यायचीच नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही, मी देते, पण बदल्यात काहीतरी सुटलं पाहिजे किंवा मिळालं पाहिजे. पूर्ण पैसे आधी दिले, डेडलाइन सैल ठेवली म्हणजे मला रिकाम्या आठवड्यात काम बसवता आलं, सहा महिन्यांचं काम लेखी बांधून दिलं, अशी कारणं. आणि बजेटच कमी असेल तर दर तोच ठेवून काम कमी करायचं, आठ पानांच्या ऐवजी पाच, तीन पर्यायांच्या ऐवजी एक. यात कुणाचा अपमान होत नाही, क्लायंटला त्याच्या पैशात नीट केलेलं काम मिळतं आणि आपणही चिडत चिडत काम करत नाही. "पुढे खूप काम देणार आहोत" याला माझं उत्तर ठरलेलं आहे, छान, मग चौथ्या कामापासून सूट लागू करू, कोटेशनमध्ये आत्ताच लिहून देते. ज्यांना खरंच काम द्यायचंय ते लगेच हो म्हणतात.

फोनवर मात्र कधीही आकडा बोलायचा नाही. समोरचा गप्प बसला की आपणच घाबरून आकडा खाली आणतो, हा माणसाचा स्वभावच आहे. "उद्या मेलवर कळवते" एवढं पुरतं.

आता पैसे यायच्या बाजूचं, इथे जास्त गळती असते. नवीन क्लायंटकडून मी 40 टक्के अ‍ॅडव्हान्स घेते, पहिला ड्राफ्ट मंजूर झाला की 40, आणि फायनल फाइल द्यायच्या आधी उरलेले 20. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवलाय, म्हणजे तो अडकला तरी आपलं घर चालतं, आणि समोरच्यालाही थोडक्यासाठी काम अडकवून ठेवण्यात अर्थ वाटत नाही. कामाचे हक्क पूर्ण पैसे आल्यावरच क्लायंटकडे जातील हे वाक्य कोटेशनमध्येच हवं, बिलात टाकून उपयोग नाही, तोवर काम होऊन गेलेलं असतं.

बिलावर "30 दिवसांत" असं लिहू नका, तारीख लिहा. 30 दिवस कधीपासून, बिल पाठवल्यापासून, अकाउंट्सला पोचल्यापासून की साहेबांनी सही केल्यापासून, हा प्रत्येकाचा वेगळा हिशोब असतो आणि तो नेहमी उशिराच्याच बाजूला झुकतो. मोठ्या कंपनीत पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीने काढलेल्या लेखी ऑर्डरचा, नंबर नसेल तर बिल नुसतं पडून राहतं आणि तुम्हाला कुणी सांगतही नाही. काम सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्या की बिल कुणाच्या नावाने, कुठल्या मेलवर, आणि महिन्याच्या कुठल्या दिवशी पेमेंट निघतात. कर दरात धरलाय की वेगळा हेही कोटेशनमध्येच स्पष्ट करा, नाहीतर तो आपल्याच खिशातून जातो.

लवकर पैसे दिले तर 2 टक्के सूट, म्हणजे 30 दिवसांच्या ऐवजी 10 दिवसांत दिले तर, ही पद्धत बरीच जुनी आहे आणि ऐकायला फार थोडी वाटते. पण 20 दिवस आधी पैसे मिळण्यासाठी 2 टक्के सोडायचे म्हणजे वर्षाला जवळपास 37 टक्के व्याजाने पैसे उचलल्यासारखं होतं. पैशांची फारच ओढाताण असेल तर ठीक, पण सवय म्हणून देऊ नका. त्यापेक्षा मुदतच 30 ऐवजी 14 दिवसांची ठेवा, बरेच क्लायंट काही न बोलता मान्य करतात, कारण 30 हा आकडा अनेकदा आपणच सवयीने टाकलेला असतो.

उशीर झाला तर महिन्याला 1.5 टक्के व्याज अशी अट ठेवता येते, पण ती आधी मान्य करून घेतलेली हवी आणि आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते बघून घ्यायला हवं. माझा अनुभव असा की व्याजापेक्षा काम थांबवणं जास्त चालतं. मुदतीच्या दोन दिवस आधी एक साधा मेल, मुदतीच्या दिवशी एक, आठवड्याने फोन, आणि 15 दिवसांनी चालू असलेलं काम थांबवत असल्याचा मेल, न चिडता, बिल नंबर आणि रक्कम टाकून. हे तिन्ही मेल आधीच लिहून ठेवा कारण ऐन वेळी आपण एकतर फार रागाने लिहितो किंवा फार लाजत.

चेंजेसचं पण असंच, दोन राउंड दरात, तिसऱ्यापासून तासाने. कधी कधी मी तिसरा राउंड माफ करते, पण बिलात ती ओळ दिसते, किती तास आणि त्यावर पूर्ण सूट, आणि गंमत म्हणजे ती ओळ एकदा दिसली की पुढच्या कामात क्लायंट सगळे चेंजेस गोळा करून एकदमच पाठवतो.

हे सगळं जुन्या क्लायंटना कसं सांगायचं हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मी दोन महिने आधी मेल करते, अमुक तारखेपासून नवीन अटी, चालू कामं जुन्या अटींवरच पूर्ण होतील, त्या तारखेआधी कन्फर्म केलेलं काम पण जुन्या दराने. कारणांची लांबड लावत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी पाठवत नाही, आधी ज्यांचं काम कमी आहे त्यांना, त्यांचे काय प्रश्न येतात ते बघून मेल नीट करते, आणि मग मोठ्या क्लायंटना पाठवते.