किती देते?

गुरांच्या बाजारात म्हैस पाहायला आलेला माणूस आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्या नव्या मोटारीभोवती हात मागे बांधून फिरणारा माणूस यांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो आणि तोही त्याच दोन शब्दांत: ‘किती देते?’ म्हशीच्या बाबतीत उत्तर दोन्ही वेळचे मिळून लिटरांत येते, मोटारीच्या बाबतीत लिटरमागे किलोमीटरांत, एवढाच काय तो फरक. म्हैस वैरण खाऊन दूध देते, गाडी पेट्रोल पिऊन ‘ॲव्हरेज’ देते. या शब्दाचा अर्थ सरासरी असा आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण सरासरी हा शब्द आपण पावसासाठी आणि फलंदाजांसाठी राखून ठेवला आहे, आणि माझ्या ओळखीत तरी ‘तुमच्या गाडीची सरासरी काय?’ असे विचारणारा मनुष्य आजवर निघालेला नाही.

माझे आजोबा पाटण तालुक्यातले. म्हशीचा मालक ‘दहा लिटर’ म्हणाला की ते मान डोलावून मनात आठ धरत. ते आठ धरणार हे मालकाला ठाऊक असल्यामुळे तो आठाचे दहा सांगे, आणि अशा रीतीने कोणीही खरे न बोलता व्यवहार अगदी खऱ्या आकड्यावर ठरत असे. बाजाराच्या दिवशी सकाळची धार न काढता म्हैस आणायची, म्हणजे कास तट्ट भरलेली दिसते, हीही त्या व्यवहारातली सर्वमान्य लबाडी होती. मोटारीच्या दुनियेत हे कास तुंबवण्याचे काम अधिक सभ्यपणे, वातानुकूलित दालनात आणि छापील पत्रकावर होते, आणि गंमत म्हणजे तिथे कोणी खोटेही बोलत नाही.

त्या पत्रकावर ठळक छापलेला आकडा जिथे मोजला जातो, त्या जागांपैकी एक पुण्यातच आहे. 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था वेताळ टेकडीवर आहे, आणि तिच्यामुळे टेकडीच्या त्या भागाला पुणेकर आता सर्रास ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. पहाटे हजारो लोक स्वतःचे ॲव्हरेज सुधारण्यासाठी ती चढत असतात. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाके जागच्या जागी फिरणाऱ्या लोखंडी रोलरवर ठेवतात, आणि एक प्रशिक्षित चालक समोरच्या पडद्यावरील रेघ पाहून ठरल्याप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो आणि पुन्हा निघतो. हा सारा खेळ सुमारे वीस मिनिटांचा असून त्यात वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर कधी जात नाही आणि एसी बंद असतो. त्या वीस मिनिटांत खड्डा येत नाही, रिक्षा आडवी येत नाही, मागच्या आसनावर सासुरवाडीची मंडळी बसलेली नसतात आणि डिकीत तांदळाचे पोते नसते. सगळ्या गाड्यांना एकाच परीक्षेला बसवायचे तर परीक्षा अशीच असणार, हे मला पटते. प्रत्येक गाडीची तुलना त्यामुळे न्याय्य होते. फक्त त्या परीक्षेतले गुण आयुष्यात कोणाला पडत नाहीत. माझ्या गाडीच्या पत्रकावर 18.6 असे छापले होते.

दुसरा आकडा असतो तो लोकांना सांगायचा, आणि तो मात्र विचारणाऱ्यावर अवलंबून असतो. शेजाऱ्याने विचारले तर माझी गाडी अठरा देत असे. ज्यांनी माझा सल्ला न मानता दुसरीच गाडी घेतली त्या मेहुण्यांनी विचारले, तर हायवेला वीस. कार्यालयाच्या कामासाठी गाडी नेल्यावर प्रवासभत्त्याचा अर्ज भरताना तीच गाडी बारावर येई, आणि लग्नाला चौघे मिळून गेलो व पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायची वेळ आली म्हणजे ‘एसीमुळे हो, चौदाच्या पुढे नाही देत’ असे वाक्य माझ्या तोंडून सहज निघून जाई. आपल्या मुलाचे गुण आपण पाहुण्यांना एक सांगतो आणि शिकवणीच्या सरांना दुसरे, त्यातलाच हा प्रकार आहे. एरवी मी बऱ्यापैकी खरे बोलणारा मनुष्य आहे.

कदाचित त्याचीच टोचणी लागून मी वही ठेवली असेल. 2013 च्या दिवाळीत गाडी घेतली तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात दोनशे पानी एकरेघी वही आणि सुतळीने बांधलेले पेन असे, आणि तिच्यात दर वेळी तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, भाव आणि शेरा असे पाच रकाने भरले जात. खरे ॲव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे: टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची आणि मधले किलोमीटर या वेळी मावलेल्या लिटरांनी भागायचे. सोपी असली तरी ती पाळणे अतिशय कठीण आहे, कारण पेट्रोल पंप ही जागा चिकाटीच्या माणसासाठी बांधलेली नाही.

पंपावरचा मुलगा ‘झीरो बघा साहेब’ म्हणतो तिथपर्यंत सारे ठीक असते. नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते व त्यातून आत हवा ओढली जात असते. टाकीतले पेट्रोल त्या छिद्रापर्यंत चढले की हवा अडते, आतली कळ सुटते आणि ‘खट्’ असा आवाज होऊन धार आपोआप थांबते. माझे सारे गणित त्या एका ‘खट्’वर उभे असते. नेमक्या त्याच क्षणी तो मुलगा माझ्याकडे मोठ्या आपुलकीने पाहतो आणि म्हणतो, ‘एकोणीसशे सत्त्याऐंशी झालेत, दोन हजार करू?’ तेरा रुपयांचे पेट्रोल म्हणजे पाव लिटरही नव्हे, पण ‘खट्’ झाल्यावर घातलेले पेट्रोल माझ्या शास्त्रात बसत नाही. मी नको म्हणतो, तो सुट्टे नाहीत म्हणतो, मागे तीन स्कूटर भोंगे वाजवतात, आणि गाडीतून बायको म्हणते, ‘अहो, आता तेरा रुपयांसाठी का?’ मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली तेव्हा देशाचे काय भले झाले ते अर्थतज्ज्ञ सांगतील. माझा हा प्रश्न मात्र कायमचा सुटला.

पंपाविषयी प्रत्येकाचा एक पंथ असतो. पाचशेचे पेट्रोल मागितले तर यंत्रात आधीच ‘सेट’ केलेले कमी माप मिळते अशा समजुतीने पाचशे दहाचे मागणारे सगळीकडे आहेत, आणि आता इतके जण पाचशे दहाचे मागतात की फसवणाऱ्याने तेही सेट करायला हरकत नसावी. वास्तविक शंका आली तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप प्रत्येक पंपाला ठेवावेच लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. मी आयुष्यात एकदाच ते मागितले. व्यवस्थापकांनी चेहऱ्यावरची रेघ न हलू देता ते पितळी रंगाचे, निमुळत्या गळ्याचे भांडे आणले, पाच लिटर मोजले, आणि पेट्रोल बरोबर खुणेपाशी येऊन थांबले. त्यानंतर दोन महिने मी दुसऱ्या पंपावर जात होतो.

वहीतले भाव आता वाचताना करमणूक होते. जून 2017 पासून पेट्रोलचा भाव रोज बदलू लागला, तेव्हापासून त्या रकान्यात पैशांचे आकडे शिरले. 2021 च्या उन्हाळ्यात भावाने शंभरी ओलांडली, त्या नोंदीखाली मी दोनदा रेघ मारली आहे आणि त्यानंतर पुन्हा कधी मारलेली नाही. पण खरा मजकूर शेऱ्यांच्या रकान्यात आहे. ‘चिपळूण, चौघे, एसी नाही: 18.1’ हा या वहीतला उच्चांक. ‘चाकांत हवा कमी होती: 14.2.’ ‘गणपती, चांदणी चौक दीड तास: 12.9.’ मग एका पावसाळ्यात सलग सात नोंदींपुढे फक्त ‘दवाखाना’ एवढाच शब्द आहे. वडील तेव्हा आजारी होते. घरापासून दवाखाना चार किलोमीटर. इंजिन गरम होऊ लागेपर्यंत पोहोचायचे, आणि थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते. त्या सात नोंदी 11 आणि 12 च्या मधल्या आहेत. तेव्हा माझे लक्ष कशातच नव्हते, असे मी आजवर समजत होतो. पण त्याही दिवसांत मी टाकी फुल करून ‘खट्’ ऐकले आहे आणि भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत नेला आहे.

ही खोड वडिलांचीच. त्यांच्याकडे मारुती 800 होती, जुनी, कार्ब्युरेटरची, आणि कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरताना ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडून देत. पोफळीपर्यंत फुकट आलो, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर चिपळूणपर्यंत टिकत असे. एकदा तर त्यांनी किल्लीही फिरवली होती. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत हळूहळू संपते आणि पाय दुप्पट जोराने दाबावा लागतो, हे आम्हा सर्वांना त्या दिवशी तिसऱ्या वळणावर कळले. पुढे माझी इंजेक्शनची, म्हणजे इंजिनात पेट्रोल संगणकाने मोजून सोडणारी, गाडी आली. तिच्यात गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि पेट्रोल पूर्ण बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे थोडे पेट्रोल जातच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, गाडी ओढून धरते ना? मग पेट्रोल खाणारच.’ पुढच्या खेपेला शेजारच्या आसनावर बसून ते घाटभर माझ्या गिअरकडे असे पाहत होते, जणू नळ उघडा राहिला आहे.

अलीकडच्या नोंदींत एक नवीन शेरा आला: ‘ऊस’. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत उंब्रजवरून पाटणकडे वळले की उसाच्या ट्रॉल्या लागतात, एका ट्रॅक्टरमागे दोन, दोन्ही रस्त्याच्या रुंदीहून किंचित मोठ्या भासाव्यात अशा भरलेल्या. त्यांच्यामागून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगत गेले की ॲव्हरेज पडते, हे पूर्वीपासूनचे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, आणि लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. माझ्या गाडीचे इंजिन या मिश्रणाच्या आधीच्या काळातले, त्यामुळे तिचे ॲव्हरेज आणखी एखाद्या किलोमीटरने घसरले. इथेनॉलचा काही भाग उसापासून येतो. म्हणजे जो ऊस समोर ट्रॉलीत बसून माझे ॲव्हरेज पाडतो आहे, त्याचाच एखादा भाऊबंद आधीच माझ्या टाकीत बसून तेच काम आतून करतो आहे. मी सातारा जिल्ह्यातला असल्यामुळे उसाविरुद्ध याहून अधिक बोलू शकत नाही.

एका रविवारी मी या साऱ्या खटाटोपाचा हिशेब मांडला. वर्षाला 7,000 किलोमीटर, ॲव्हरेज सोळाच्या जागी सतरा पडले तर वाचणारे पेट्रोल सुमारे 26 लिटर, म्हणजे आजच्या भावाने साधारण 2,700 रुपये. दुसरीकडे, विम्यासाठी किंमत ठरवताना एक ते दोन वर्षांच्या गाडीचे मोल 20 टक्के कमी धरतात, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीचे 50 टक्के. पाच लाखांची गाडी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या, एक थेंबही न पिता, पाच वर्षांत अडीच लाख गिळते आणि तिला ‘किती घेते?’ असे कोणी विचारत नाही. मी तो कागद वहीत ठेवला आणि संध्याकाळी हवा तपासायला गेलो.

गेल्या वर्षी गाडी विकायला काढली. मीटरवर 84,000 किलोमीटर, वहीत एकूण 5,283 लिटर. बारा वर्षांचे ॲव्हरेज 15.9. पाहायला भोरहून एक तरुण आला, सोबत मिस्त्री मित्राला घेऊन. मित्राने बॉनेट उघडून कान लावला, ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली, दारांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि पासिंग 2028 पर्यंत आहे याची खात्री करून घेतली. मग तो तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, किती देते?’

मी अशा प्रसंगाची बारा वर्षे वाट पाहत होतो. कप्प्यातून वही काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडली, दोन पाने उलटली, कुठल्याशा शेऱ्यापाशी क्षणभर थांबला आणि नम्रपणे मिटून मला परत दिली.

‘ते असू द्या काका,’ तो म्हणाला. ‘तुम्ही सांगा, किती देते?’

वही माझ्या हातातच होती. बायको गॅलरीतून पाहत होती. मी म्हणालो, ‘अठरा.’

‘म्हणजे सोळा,’ तो मित्राला म्हणाला, आणि आम्ही किमतीचे बोलायला वर गेलो.