तारेवर बोट ठेवून

आमच्या या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या त्या लाकडी फळीवर एक सेल, एक कळ, एक बल्ब आणि तांब्याच्या चार तारा असायच्या. विज्ञानाचे सर कळ लगेच दाबू देत नसत. आधी प्रत्येकाने तारेवर बोट फिरवत प्रवाह कुठून निघतो, कुठे जातो ते मोठ्याने सांगायचे. अख्खा तास त्यातच जायचा. अशाच एका तासाला, मी नववीत असताना, सरांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या थोरल्या भावाबद्दल सांगितले. जोसेफ नौदलात वैमानिक होता आणि नवे शस्त्र घेऊन निघाला असता विमानासकट हवेतच गेला. एवढ्यात घंटा झाली.

पुढे मी नौदलात गेलो. दाबोळीच्या हंसा तळावर विमानांच्या शस्त्रविभागात बरीच वर्षे काढली आणि सरांची अर्धी राहिलेली गोष्ट वाचून वाचून पुरी केली.

१९४४ चा उन्हाळा. जोसेफ इंग्लंडमधून पाणबुड्यांच्या शोधात गस्त घालत असे. ठरलेल्या मोहिमा संपल्या होत्या, घरी परतायची मुभा होती. तरी त्याने एका गुप्त प्रयोगासाठी आपणहून नाव दिले. लिबरेटर जातीचे जुने बॉम्बफेकी विमान आतून रिकामे करायचे, त्यात टॉर्पेक्स हे स्फोटक ठासायचे आणि रेडिओने हाकत ते शत्रूच्या ठाण्यावर नेऊन आदळायचे. नाकात टेलिव्हिजन कॅमेरा, मागे हाकणारे दुसरे विमान. पण रेडिओवर ते धावपट्टीवरून नीट उठवता येत नव्हते. म्हणून दोन माणसांनी ते उडवायचे, ताबा रेडिओकडे द्यायचा, स्फोटके सज्ज करायची आणि इंग्लंडच्या भूमीवरच पॅराशूटने उडी घ्यायची.

१२ ऑगस्टच्या संध्याकाळी जोसेफ आणि लेफ्टनंट विल्फर्ड विली फर्सफील्डहून निघाले. मागे २१,१७० पौंड टॉर्पेक्स, म्हणजे साडेनऊ टनांहून अधिक. लक्ष्य होते उत्तर फ्रान्समधले मिमोयेक. तिथे लंडनवर मारा करण्यासाठी जर्मन लोक जमिनीखाली प्रचंड तोफा बसवत होते. ताबा रेडिओकडे गेला आणि उडी घ्यायच्या आतच सफोकमधल्या ब्लाइदबर्गजवळ विमान फुटले. दोघांचेही देह सापडले नाहीत. कारण निर्विवादपणे ठरलेले नाही, पण संशय विजेच्या जोडणीवर आहे. त्या जोडणीबद्दल एका इलेक्ट्रॉनिक्स अधिकाऱ्याने आधीच इशारा दिला होता, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि मिमोयेकवर ६ जुलैलाच ब्रिटिशांचे टॉलबॉय बॉम्ब पडून ते ठाणे निकामी झाले होते. हे दोस्त राष्ट्रांना तेव्हा कळलेले नव्हते.

आमच्या कामात शस्त्राच्या सुरक्षा पिनेला लाल फीत असते. उड्डाणाआधी काढलेल्या पिना मोजून हातात धरायच्या आणि वैमानिकाला दाखवायच्या. काचेआडून तो मान हलवतो. त्याने आपले बोट तारेवर फिरवलेले नसते, आपण फिरवलेले असते. त्या मान हलवण्याचे ओझे मी नोकरीभर वाहिले, आणि ते वाहायला मी याच शाळेत शिकलो.

एका रजेत सरांना भेटायला गेलो. निवृत्त झाले होते, ओसरीवर बसलेले. मी सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "आणि तो दुसरा? त्याच्या घरी कोण होतं?"

"बायको आणि तीन मुलं, सर."

"त्या दिवशी वर्गात त्याचं नावच घेतलं नाही मी." त्यांनी कोनाड्यातली वही मागवली, चष्मा लावला आणि मला पुन्हा एकदा नाव सावकाश सांगायला लावले. विल्फर्ड विली. लिहून झाल्यावर अक्षरांवरून एकदा बोट फिरवले.