बाद झालेल्याचं मनोगत

दिवाळी सरली की बेळगावच्या शहापुरातल्या एका कार्यालयात आमच्या ड्रॅग शर्यतीच्या मंडळाचा मेळावा भरतो; सरळ धावपट्टीवर दोघांनी गाड्या पळवायच्या, ती ही शर्यत. दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्चाला मंजुरी हे सगळीकडं असतं तसंच. अध्यक्ष न चुकता १९५१ सालावर येतात: रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या पोरांना धावपट्टीवर आणायला वॉली पार्क्सनी अमेरिकेत एनएचआरए ही या शर्यतींची संघटना काढली, १९६३ मध्ये सुटायचा इशारा देणारा दिव्यांचा खांब, म्हणजे दिव्यांचं झाड, येईपर्यंत तिथंही झेंडाच पडायचा. मागची पोरं ही वाक्यं अध्यक्षांच्या आधीच म्हणून टाकतात.

मी जातो तो बाद झालेल्याच्या मनोगतासाठी. वर्षभरात शर्यतीत बाद झालेल्यांपैकी एकाला माईक द्यायचा. त्याला कुणी अडवायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही.

खानापूरचा एक पोरगा अजून आठवतो. आमच्यात प्रत्येकानं आपली अपेक्षित वेळ आधीच लिहून द्यायची असते. हळू गाडीला फरकाइतका आधी हिरवा दिवा मिळतो, म्हणून शंभर सीसीवालाही मोठ्या गाडीला भिडतो. मात्र लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात की बाद. त्यानं २०.४० सेकंद लिहिले आणि ४०२ मीटर २०.३८ मध्ये कापले. "जल्मात पहिल्यांदा एवढी झकास गाडी मारली आणि तुम्ही मला हरवलासा!" सगळे हसले. मग म्हणाला, "शेवटाला ब्रेक दाबलो असतो तर जिंकलो असतो, नियमात बसतंय तेही. पण इंजिन बाबांनी बांधलेलं. हात झाला नाही." बाबा उद्यमबागेत फिटर, तिसऱ्या रांगेत बसलेले. त्यांच्याकडं बघायची माझी काही छाती झाली नाही.

संकेश्वरच्या एकाला हेल्मेटचा पट्टा विरलेला म्हणून तपासणीतच परत पाठवलं होतं. त्यानं माईकवरून स्टार्टर मामांना, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या मामांना, यथेच्छ झोडपलं. मामा टोपी चाचपत गप्प. पुढच्या वर्षी तोच तपासणीच्या टेबलावर बसला आणि मामांच्या वर कडक निघाला! मामांबद्दल मी जरा पक्षपाती आहे. हिरव्याआधीच सुटला म्हणून लाल दिव्यावर त्यांनी जावयाला बाद केलं, तेव्हा घरी काय झालं ते मामीच सांगतात.

आता माणसं, एकही सुटायला नको. दिव्यांची वायरिंग करणारे उद्यमबागेचे वायरमन अण्णा, नियमांचं पत्रक कानडीत उतरवणारे चिक्कोडीचे सर, दिवसभर उन्हात थांबणारे रुग्णवाहिकेचे चालक, परवानगीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारे दोघे सचिव, कुंदा आणि मांडे करणाऱ्या अनगोळच्या काकू, त्यांच्या दोन्ही सुना, पट्टीच्या कडेला लावायला वाळूची पोती देणारे सावकार, ती उचलणारी वडगावची पोरं. आणि हो, माईकवाला. तो दरवर्षी राहतो.

निपाणीकरांचं मात्र बोलायलाच हवं. शर्यत असली की पहाटे पाचला हजर, मेळाव्याला थेट पंगतीला. यंदा मनोगत पावणेअकराला आहे, जेवण एकला. पत्रिकेत वेळ ठळक छापायला सांगितलंय.