धुतलेले पाय

"अरे, घाण पाय फादरच्या हातात द्यायचे काय?" काल पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या) मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेआधी, शेजारचे काका म्हणाले आणि मला हसूच आलं. वसईत आमच्या चर्चमध्ये, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांत त्यांचं नाव होतं, तर हे घरूनच साबण लावून, टाचा दगडाने घासून, नखं कापून, वर नवे मोजे घालून आलेले.

फादर खाली बसले, पाणी घातलं, टॉवेलने पुसलं आणि काका आपले अवघडून वर छताकडे बघतायत.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पण असंच झालं ना, बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात. आधी म्हणतो माझे पाय तुम्ही धुवायचेच नाहीत, मग एकदम हात आणि डोकं पण धुवा! (मधलं काही नाहीच या माणसात.) त्यावर येशू म्हणतो, आंघोळ झालेल्याला पाय धुतले तरी पुरे. म्हणजे बाप्तिस्मा (ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी) एकदाच, आणि हे पाय धुणं रस्त्यात लागणाऱ्या धुळीसाठी, असा अर्थ बरेच जण लावतात.

2013 ला पोप फ्रान्सिसनी रोममध्ये अल्पवयीन कैद्यांचे पाय धुतले, त्यात मुली पण होत्या, एक तर मुस्लिम, केवढी चर्चा झाली, फक्त पुरुषांचेच पाय धुवायचे हा नियम मात्र 2016 ला बदलला. पण सगळं बोलणं धुणाऱ्याबद्दलच.

धुवून घेणं जास्त अवघड असेल का? तुम्हाला जमेल?