आमची वाटचाल : साखर पेठेतल्या चार मागांपासून

वडिलांनी साखर पेठेत भाड्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग टाकले, तेव्हा आम्ही फक्त चादरी काढायचो. चादरीत काही उरेना, मग टॉवेलकडे वळलो आणि पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत जागा घेतली. हे झटपट सांगतो, कारण सोलापुरात ही कथा गल्लोगल्ली ऐकायला मिळेल. सांगण्यासारखी आहे ती अडकलेल्या बिलाची.

युरोपातल्या एका कंपनीने आमचे दोन कंटेनर नेले. पहिल्याचे पैसे आले, दुसऱ्याचे अडकले. दुसरा माल मी एलसीशिवाय, म्हणजे बँकेच्या पैशांच्या हमीशिवाय, सोडला होता, ती चूक माझीच. मेलला उत्तर नाही, फोन कुणी उचलेना. जो तो सांगायचा, सोडून दे. परदेशात समन्स बजावायचं म्हणजे हेग करारानुसार तिथल्या सरकारी यंत्रणेमार्फत, बहुधा भाषांतरासकट. महिनोन् महिने जाणार.

आमच्या वकीलसाहेबांनी भलतंच विचारलं. “मालक, तुमचा माल तपासायला पोरं कुठून यायची?”

“अंधेरीहून. त्यांचं ऑफिस आहे तिथं.”

“मग परदेशात कशाला जाताय?”

कंपनी कायदा 2013, कलम 380. परदेशी कंपनीने भारतात कचेरी थाटली की 30 दिवसांत कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे कागद द्यावे लागतात. त्यात तिच्या वतीने समन्स-नोटिसा घेणाऱ्या, इथेच राहणाऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता असतो. त्या पत्त्यावर पोस्टाने पाठवलं तरी बजावणी झाली, असं कलम 383 सांगतं. मात्र कचेरी त्याच कंपनीची हवी. इथे वेगळी प्रायव्हेट लिमिटेड काढलेली असेल तर कायद्याने ती निराळी. तिच्या गळ्यात हे बिल मारता येत नाही. आम्ही धडधडत्या छातीने जुन्या ऑर्डरी काढल्या. नाव मूळ कंपनीचंच होतं!

ऑर्डर सोलापुरात स्वीकारलेली, माल इथूनच गेलेला, त्यामुळे दावाही इथेच. रक्कम 3 लाखांच्या वर, म्हणून आधी मध्यस्थीचा अर्ज. तिकडे ते फिरकलेच नाहीत. मग दावा लावला. समन्स अंधेरीला पोचलं आणि आठ महिने मुका असलेला फोन दुसऱ्याच दिवशी वाजला.

तडजोडीत मुद्दल तीन हप्त्यांत आलं, व्याज सोडलं. आता नवं गिऱ्हाईक आलं की मुलगी आधी रजिस्ट्रारच्या साइटवर त्याचं नाव शोधते. बायको मात्र अजून व्याजाचं काढते.