फिल्म खरखरीत येत होती, पीपीए टाकून कशी सुधारली: माझा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ब्लोन फिल्मच्या (वितळलेलं प्लास्टिक हवेने फुगवून काढलेल्या फिल्मच्या) लाइनवर आहे मी, द्राक्षाच्या पेटीत घालायच्या लायनर पिशव्यांची फिल्म काढतो आम्ही. सीझनला दिंडोरी-पिंपळगावचे पॅकहाऊसवाले रोज फोन करतात, म्हणून स्पीड वाढवला आणि फिल्म खरखरीत यायला लागली, हात फिरवला की बारीक आडव्या लहरी लागायच्या, उजेडात धरली की धुरकट. यालाच शार्कस्किन म्हणतात. दाणा एलएलडीपीई, म्हणजे पॉलिथिनचाच एक मजबूत प्रकार, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतो त्याचा आकडा) १ चा. डायच्या, म्हणजे फिल्म जिथून बाहेर पडते त्या तोंडाच्या, भिंतीला मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) चिकटून सरकतो आणि बाहेर पडताक्षणी वरचा थर एकदम ताणला जाऊन फाटतो, असा हा प्रकार.

टेम्परेचर वाढवलं तर फिल्म जरा गुळगुळीत होते पण बबल, म्हणजे डायवरचा फिल्मचा फुगा, हलायला लागतो. एलडीपीई (पॉलिथिनचा दुसरा प्रकार) जास्त मिसळलं तर चकाकी येते, पण फिल्मची ताकद कमी होते आणि पेटीत पिशवी फाटली तर माल शेतकऱ्याचा खराब होतो, ते मला चालणार नव्हतं.

मग पीपीए, म्हणजे पॉलिमर प्रोसेसिंग एड, मेल्ट सहज सरकावा म्हणून थोडंसं टाकतात ते. आमच्या मास्टरबॅचमध्ये (दाण्यात मिसळायच्या तयार मिश्रणात) ३ टक्के फ्लोरोपॉलिमर, म्हणजे फ्लोरिनवालं प्लास्टिक होतं, २ टक्के डोस धरला की ६०० पीपीएम, दहा लाखात ६०० भाग. हे मेल्टमधून डायच्या धातूवर जाऊन बसतं, पातळ थर होतो आणि मेल्ट त्याच्यावरून घसरत बाहेर येतो. पण थर बसायला वेळ लागतो हो, हेच लोकांना पटत नाही! अर्ध्या तासात फरक नाही म्हणून डोस वाढवत बसतात. मी डोस तसाच ठेवून मेल्ट प्रेशर बघत राहिलो, आधी प्रेशर हळूहळू उतरलं, मोटरचे अ‍ॅम्पियर कमी झाले, मग बबलवर एका बाजूने चकचकीत पट्टे दिसायला लागले आणि ते पसरत पसरत पूर्ण बबल साफ झाला. प्रेशर एका जागी थांबल्यावर डोस दीड टक्क्यावर आणला, फिल्म तशीच राहिली.

एक गोष्ट मात्र नक्की सांगेन, अँटीब्लॉकवर, म्हणजे फिल्मचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टाकतात त्यावर, लक्ष ठेवा. त्यातला टाल्क किंवा सिलिका पीपीए स्वतःवर ओढून घेतो आणि डायवरचा थर घासतोही, त्यामुळे थर बसेपर्यंत मी अँटीब्लॉक बंद ठेवला, नंतर चालू केला. आणि डाय आधी साफ पाहिजे, जुन्या जळक्या मालावर पीपीए नीट धरत नाही.

आता फ्लोरिनवाल्या मालाचं जगभर बदलतंय, थ्रीएम या अमेरिकन कंपनीनं २०२२ च्या डिसेंबरातच जाहीर केलं होतं की २०२५ अखेर पीएफएएस (फ्लोरिनवाली रसायनं, फ्लोरोपॉलिमरही त्यातच) बनवणं बंद. पिशवी खायच्या मालाला लागते, त्यामुळे बिनफ्लोरिनचं सॅम्पल मागवलंय. सीझन संपला की त्याच दाण्यावर, त्याच डायवर चालवणार आणि प्रेशर, अ‍ॅम्पियर, डोस सगळं वहीत लिहून ठेवणार.